आक्काचा वायफाय आणि जर्मनीतलं बारसं

पयल्यांदा एक सांगून ठेवतो. राऊटरच्या भोकात सुई मी घातली, हे खरं हाय. पण ती सुई माझ्या हातात कुणी दिली, हे गल्लीत कोण सांगत न्हाय. दसरा होऊन दोन म्हैने झाले, तरी मी दिसलो की लोक इचारत्यात, "ज्ञानू, सुई हाय का खिशात?" म्हणून म्हटलं, एकदा बैजवार सगळं सांगून टाकावं. आणि सांगायचं म्हंजे आक्कापासनं सुरुवात करायला लागतीय.

आक्काचं खरं नाव संयोगिता. ते फक्त आधार कार्डावर हाय. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत समदी तिला आक्काच म्हणत्यात. माझ्यापेक्षा ती चार वर्षांनी बारकी, पण मीबी आक्काच म्हणतो. ब्लाऊज शिवती. गळ्यात टेप अडकवलेली असती, पण ती वापरताना मी तिला कधी बघितलं न्हाय. बाई दारातनं आत आली की हिनं एकदा वरनं खाली बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "छत्तीस. गेल्या दिवाळीत चौतीस होतीस. लाडू कमी कर." बाई तणतणत जाती. मग ब्लाऊज अंगात घालती, आणि पुढच्या म्हैन्यात गपगुमान दुसरं कापड घेऊन येती.

आवाज म्हणाल तर तिला फोनची गरजच न्हाय. तिनं घरातनं "ज्ञानूऽऽ" म्हटलं की माझ्या दुकानात मोटारीवर तार गुंडाळताना माझी मोजणी चुकती. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान हाय, तिच्या बरोबर समोर. म्हंजे तीस वर्षं माझी मोजणी चुकतीय.

आई-वडील गेले तेव्हा आक्का एकवीस वर्षांची आणि तिचा भाऊ राजवीर सहा वर्षांचा. स्थळं आली की तिची एकच अट असायची, "पोरगं माझ्या संगट येणार." स्थळं चहा पिऊन परत जायची. आक्का मशीनवर बसली ती बसलीच. राजवीर शिकला, इंजिनियर झाला, जर्मनीला गेला. विमानतळावर समदी रडत होती, आणि ही एवढ्या लोकांत ओरडून सांगत होती, "राजू, थंडीत कानटोपी काढलीस तर बघ!" तिथला पोलीसबी दचकला.

एकदा सुट्टीला आल्यावर राजवीरनं तिला एक लॅपटॉप घेऊन दिला आणि घरात वायफाय बसवून दिला. आता वायफाय एकटीनं वापरायचा, हे काय आक्काला पटेना. "हवेतनंच जातोय न्हवं? मग जाऊ दे की सगळ्यांच्यात," म्हणाली. त्या सुट्टीत राजवीरनं गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनात तो जोडून दिला. त्या दिवसापासनं आमच्या गल्लीनं नेटचे पॅक मारायचं सोडलं. नुसते बोलायचे पॅक, तेबी देशातल्या देशातले. कोपऱ्यावर शिवलिंगअण्णांचं किराणा दुकान हाय, तिथलं रिचार्जचं मशीनबी आक्काच्याच वायफायवर चालायचं. ऐंशी वर्षांच्या बनाबाई रोज दुपारी पायरीवर बसून मोबाईलवर कुस्त्या बघायच्या, त्याबी आक्काच्याच जिवावर.

तर या दसऱ्याच्या बारा दिवस आधी राजवीरला मुलगी झाली.

आता बारशात आत्याचा मान काय असतो, ते तुमास्नी सांगायला नको. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि कुर्र करायचं तेबी आत्यानं. आक्का पेढे वाटत गल्लीभर फिरली आणि प्रत्येकाला बजावून आली, "नाव मी ठेवणार." नाव काय, ते मात्र कुणाला सांगंना. मी इचारलं, अण्णांनी इचारलं, खुद्द राजवीरनं फोनवर इचारलं. "पयलं बाळाच्या कानात, मग तुझ्या," एवढंच ती म्हणायची. तिकडं दवाखान्याचा फॉर्म राजवीरनं नाव न लिहिता अडवून ठेवलता. बारसं ठरलं दसऱ्याला, आपल्या इथल्या पाच वाजता, लॅपटॉपवरनं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आपण हत्यारं धुऊन-पुसून पूजेत मांडतो. माझी पक्कड, पाने, हातोडी सगळं मांडून झालतं, आणि आमच्यात एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटून आल्याशिवाय उचलत न्हाईत. आक्कानं मशीन मांडलं, कात्री मांडली, इस्त्री मांडली. मग तिला वाटलं, एवढं कार्य ज्यांच्यामुळं व्हायचंय त्यांनी काय पाप केलंय? म्हणून लॅपटॉप मांडला आणि राऊटर मांडला. ही काय हत्यारं न्हवंत, म्हणून ही उचलली तर चालतंय, असं तिनंच ठरवलं. आणि आक्काचं मांडणं म्हंजे नुसतं मांडणं नसतं. ती आधी घासती. देवाची तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि रांगोळी लावून घासती, तसा तिनं राऊटर घासला. वरनं, खालनं, कडंनं. मग हळदकुंकू, झेंडूचा हार. राऊटर असा चकचकीत झालता की मीबी म्हटलं, वा आक्का!

दसऱ्याला सकाळी लॅपटॉपवर राजवीरची बायको तेजस्वी हिचा फोन आला. पोरगी पुण्याची, बोलायला गोड. मी तिथंच पुरणपोळी खात बसलतो, म्हणून सगळं ऐकलं.

"आक्का, पाच ते पाच-दहा असा मुहूर्त आहे हं. आणि नेटचा काही भरवसा नसतो, म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या एक बाई आत्या म्हणून उभ्या राहणार आहेत. अगदी गरज पडली तरच. त्यांनी नावंही दोन-तीन काढून ठेवलीत."

आक्कानं "बरं" म्हटलं. फोन बंद केला. माझ्याकडं वळली.

"ज्ञानू, ऐकलंस? आत्या भाड्यानं आणल्यात."

"गरज पडली तर म्हणाली की ती."

"पडंल कशी गरज? मी मेलो हाय का?" आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणत्यात, आणि आक्का तर जास्तच. "पोराला मी वाढवला, आणि त्याच्या पोरीच्या कानात ती कोण बाई कुर्र करणार? माझ्या जिवात जीव असेपर्यंत न्हाय!"

आणि इथं मी तोंड उघडलं. लॅपटॉपवर म्हैनाभर एक पाटी येत होती, की तुमची सिस्टीम जुनी झाली, नवी घ्या, फुकट हाय. आक्का रोज ती बाजूला सारायची. मी म्हटलं, "आक्का, आज दसरा. साडेतीन मुहूर्तांतला एक. एवढ्या कार्याला जुन्या सिस्टीमनं कशाला जायचं? दाब की."

दाबलं तिनंच. पण दाब म्हणालो मी. त्याचंबी पाप माझ्याच खात्यावर टाकलंय लोकांनी.

लॅपटॉप दोन तास गरगरत बसला. दीड वाजता उघडला. नवा कोरा, निळा निळा. आक्कानं त्याला परत कुंकू लावलं. मग राजवीरला लावून बघायला गेली, तर नेट न्हाय. जिथं वायफायचं चिन्ह असायचं, तिथं एक बारकं पंखांचं इमान आलतं.

"इमान का दिसतंय रं?" आक्का म्हणाली.

मी लांबनं बघितलं, जवळनं बघितलं. म्हटलं, "परदेशात लावायचंय न्हवं? म्हणून असंल. नव्या सिस्टीमला कळत असंल."

हसू नका. तेवढ्यात शिवलिंगअण्णा सोन्याची पानं द्यायला आले. अण्णांचं माहेर, म्हंजे आजोळ, निपाणीकडचं. दुकानातला वजनकाटा ते स्वतः दुरुस्त करत्यात, त्यामुळं गल्लीतलं कुठलंबी यंत्र बिघडलं की आधी अण्णा. त्यांनी चष्मा लावला, इमानाकडं बघितलं आणि म्हणाले, "यप्पा! चांगलं हाय की. म्हंजे जर्मनीची लाईन तयार हाय. जरा थांबा, पोचंल." आक्कानं त्या इमानाला हात जोडले. आमी तिघं अर्धा तास त्या चिन्हाकडं बघत बसलो. दोन पोळ्या आणखी खाल्ल्या. इमान काय हलंना.

मग अण्णा म्हणाले, हे तापलंय. सगळी यंत्रं तापल्यावर अशीच करत्यात. त्यांनी लॅपटॉप बंद करून पंख्याखाली धरला. चालू केला. परत इमान. अण्णा वैतागले आणि वजनकाट्याला मारत्यात तशी कडंला एक चापट मारली. चापट पडली ती कुठल्यातरी बटनावर, आणि इमान गेलं!

"पोचलं!" अण्णा ओरडले.

कुठलं पोचतंय! इमान गेलं आणि खाली वायफायची यादी आली. त्यात आक्काचा वायफाय सगळ्यात वर. दाबलं, तर त्यानं पासवर्ड मागितला. नवी सिस्टीम आल्यावर जुनं काय तिला आठवतच नव्हतं.

"पासवर्ड काय आक्का?"

"मला काय ठावं? राजू म्हणालता, नवा ठेवलाय, राऊटरच्या बुडाला पेनानं लिहिलाय."

मी राऊटर उचलला. हार बाजूला केला. उलटा केला. बूड पांढरंशुभ्र. आरशासारखं.

"आक्का, इथं काहीतरी कागद चिकटवलेला असणार की."

"होता की. कसली बारीक बारीक अक्षरं होती. लई घाण दिसत होतं. काल घासून काढलं." आणि वर म्हणती कशी, "निघता निघंना. नखानं खरवडलं."

मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी चष्मा काढला. पावणेतीन वाजलते.

आता मी माझा मोबाईल काढला आणि शोधलं, 'वायफाय लागत नाही काय करावे'. एका सेकंदात पन्नास उत्तरं आली. आता तुमच्या ध्यानात आलं असंल. माझ्या मोबाईलवर त्या टायमाला आक्काचा वायफाय झकास चालू होता. अण्णांच्या मोबाईलवर चालू होता. बाहेर पायरीवर बनाबाईंची कुस्ती चालू होती. त्यातला एक फोन उचलून राजवीरला लावला असता, तर मी आज हे सांगत बसलो नसतो. पण आमच्या डोक्यात तो लॅपटॉप असा शिरलता की दुसरं काय दिसंना. मला हे ध्यानात आलं चार दिवसांनी, आंघोळ करताना. बादलीसमोर मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

तर मोबाईलवर लिहिलतं, काहीच जमलं न्हाय तर राऊटरच्या मागं एक बारकं भोक असतं. त्यात टोकदार वस्तू घालून दहा सेकंद दाबा, सगळं पयल्यासारखं होतं.

"आक्का, पयल्यासारखं होतंय म्हणतंय."

"मग कर की!"

"हत्यारं पूजेत हायत. उचलता येत न्हाईत."

आक्कानं खांद्यावरनं, ब्लाऊजला टोचून ठेवलेली हातशिलाईची सुई उपसली आणि माझ्या हातात दिली. "ही पूजेत न्हवती. ही अंगावर होती." लक्षात ठेवा, सुई तिनं दिली. अण्णांनी मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन. दहा झाल्यावर राऊटरचे सगळे दिवे विझले. मग एकेक करून लागले. मी म्हटलं, झालं काम.

तेवढ्यात बाहेरनं बनाबाईंची बोंब ऐकू आली. "आरं माझा पैलवान अडकला! धरल्याला पाय हवेतच हाय!"

मग गल्लीतली दारं उघडायला लागली. नेट गेलं, नेट गेलं! बघता बघता पंधरा-वीस माणूस आक्काच्या दारात. कुणाची मालिका अडकली, कुणाचं गाणं. अण्णांच्या दुकानातलं रिचार्जचं मशीन बंद पडलं, हे सांगायला गिऱ्हाईक पळत आलं. गर्दीत अण्णांची सून शांभवी होती. ती बँकेत नोकरी करती, शिकलेली. हाताला पुरण तसंच.

"काय केलं तुम्ही?" तिनं इचारलं.

मी सगळं सांगितलं. इमान, बूड, सुई. ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मला सुई लपवावीशी वाटली.

"अहो काका, पासवर्ड माझ्या फोनमध्ये सेव्ह होता की. दोन मिनिटांत काढून दिला असता."

"मग आता दे की!"

"आता काय देऊ? तुम्ही राऊटरच पुसून टाकला! जुना पासवर्ड गेला. आता जो कंपनीचा असतो तो लागणार, आणि तो बुडाच्या कागदावर असतो."

सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. आक्कानं माझ्याकडं बघितलं. "ज्ञान्या," ती म्हणाली, "पयल्यासारखं होतंय म्हणालतास." तिनं मला शाळेनंतर कधी ज्ञान्या म्हटलं नव्हतं. मला लई लागलं.

केबलवाल्याला फोन लावला. तो दसरा चौकात, मागं ढोल-ताशा. "उद्या येतो!" एवढं ओरडला आणि बंद. साडेचार वाजत आलते. आक्का आत गेली, लुगडं बदलून आली. हिरवं, काठाचं. कपाळाला कुंकू. खुर्चीत लॅपटॉपसमोर ताठ बसली. आता हिला कोण सांगणार, की नेट न्हाय? कुणाची छाती होईना.

शांभवीनंच मार्ग काढला. म्हणाली, "माझ्या फोनमध्ये नेटचा पॅक आहे. ऑफिससाठी मारते. हॉटस्पॉट देते." गल्लीत पॅक असलेली ती एकटीच निघाली. सगळ्यांनी तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं, जसं काय तिनं चोरून सोनं जमवलंय. तिनं फोनात काहीतरी दाबलं, लॅपटॉपात काहीतरी दाबलं, आणि लागलं की हो नेट! गल्ली ओरडली. बनाबाईंनी शिट्टी मारली. ऐंशी वर्षांची बाई, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी.

"कोण बोलू नका आता," आक्का म्हणाली. राजवीरचं नाव शोधलं. लावायला गेली, तर पडद्यावर गोल गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय.

"का लागंना?"

शांभवीनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. नव्या सिस्टीमला नेट दिसल्याबरोबर तिनं राहिलेल्या सगळ्या वस्तू खाली ओढायला घेतल्या होत्या. उपाशी माणूस पंगतीत बसावा तशी. शांभवी हे थांबवायला बटनं दाबत होती, आणि तिच्या फोनात टिंग वाजलं. आजचा डेटा संपला.

"रिचार्ज मारा! अण्णा, पळा!" मी ओरडलो.

अण्णा पळाले. दारापर्यंत जाऊन थांबले. हळूच वळले. "मशीन," म्हणाले, "आक्काच्या वायफायवर हाय." तेवढ्यात लॅपटॉप आपोआप बंद झाला. परत उघडला, आणि त्यावर लिहून आलं, की अपडेट चालू हाय, कृपया बंद करू नका. खाली आकडा, सात टक्के. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी.

आठ टक्के झाले. नऊ झाले. पाच वाजले. वीस माणसं त्या आकड्याकडं बघत उभी होती. आक्का ताठच बसलती. मग तिनं हळूच लॅपटॉपवरचं कुंकू बोटानं पुसलं.

"ज्ञानू," ती म्हणाली, "तिथं मी नसलो तरी चाललं असतं रं. पाळणा दुसऱ्यांनी हलवला, चालतंय. अंगडं-टोपडं पोस्टानं पाठवलं, तेबी चालतंय. पर एवढं एक माझं होतं." आवाज एवढा बारका, की मी वाकून ऐकलं. खरं सांगतो, मला तेव्हा त्या राऊटरपेक्षा स्वतःचाच लई राग आला. मी म्हटलं, कशाला मेल्या बोललास, दाब म्हणून?

आणि फोन वाजला.

लॅपटॉप न्हवे. आक्काचा गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला बटनाचा फोन, ब्लाऊजच्या ढिगात. आक्कानं तो उपसला आणि सगळा राग त्याच्यावर काढला. "ब्लाऊज उद्या मिळंल! आज दसरा हाय, कळत न्हाय?" दणकन बंद केला.

परत वाजला. "उद्या म्हटलं न्हवं!" परत बंद.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा शांभवीनं नंबर बघितला. "आक्का, थांबा! हा परदेशातला नंबर आहे!"

आक्कानं फोन कानाला लावला. राजवीर एवढा ओरडत होता की आमास्नी सगळ्यांना ऐकू आलं. "आक्का! कट करू नको! कवापासनं व्हिडिओ लावतोय, लागंना. साधा फोन लावला तर ब्लाऊज उद्या म्हणतीस! पाच-सात झालीत. त्या बाई उभ्या राहिल्यात पाळण्याजवळ. ऐक, मी फोन बाळाच्या कानाला धरतोय. तू बोल."

आक्का उभी राहिली. "कानाला?" ती म्हणाली.

"कानालाच की. नाव कुठं सांगतात?"

मी अण्णांकडं बघितलं. सकाळपासनं आमी इमानं उडवली, राऊटर पुसला, एका पोरीचा दिवसाचा डेटा खाल्ला, आणि काम होतं फक्त एका कानाचं.

आक्कानं आमच्याकडं पाठ केली. भिंतीकडं तोंड. पदर तोंडावर घेतला. आणि मी देवाशपथ सांगतो, जिच्या हाकेनं माझी तीस वर्षं मोजणी चुकली, ती बाई अशी हळू बोलली, अशी हळू बोलली, की दोन हातावर उभं असून मला एक अक्षरबी ऐकू आलं न्हाय. बनाबाई कानावर हात धरून पुढं वाकल्या, तरी काय न्हाय. गल्लीत एवढी शांतता मी पयल्यांदा ऐकली.

मग आक्कानं श्वास घेतला. "कुर्र्र्र्र्र!"

ती मात्र खरी आक्का. खिडकीवरची कबुतरं उडाली. आणि फोनमधनं, जर्मनीतनं, एवढंसं बाळ टाहो फोडून रडलं. आमी इकडं ऐकलं. "आली गं माझी बाय! आवाज माझाच हाय!" आक्का ओरडली, आणि बायका तिच्या पाठीवर तुटून पडल्या. कुर्र झाल्यावर आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे असत्यात ना, ते सगळ्यांनी घातले. बनाबाईंनी घातला तो सगळ्यात शेवटी. एवढ्या वर्षांच्या कुस्त्या त्यांनी त्या एका बुक्क्यात वसूल केल्या. आक्का पुढं गेली, हातातनं फोन उडाला, फरशीवर आपटला. झाकण एकीकडं, बॅटरी खाटंखाली.

फोन मी हुडकून जोडला. ते एक काम तरी मला जमलं. चालू व्हायला त्यानं मस्त पाच मिनिटं घेतली. तोपर्यंत समदी आक्काभोवती. नाव काय ठेवलं? सांग की! अण्णा म्हणाले, निदान मला तरी. शांभवी म्हणाली, माझा डेटा गेलाय, माझा हक्क हाय.

"तिच्या आई-बापाच्या आधी तुमास्नी सांगू व्हय? व्हा बाजूला," आक्का म्हणाली. पाठ चोळत होती आणि तोंडभर हसत होती.

फोन वाजला. मी स्पीकर चालू करून तिच्या हातात दिला. पलीकडं लई माणसांचा गलका, तेजस्वीचं हसणं, बाळाचं रडणं.

"आक्का!" राजवीर म्हणाला. "अगं नाव काय ठेवलंस? इथं सगळी थांबलीत, फॉर्म घेऊन बसलोय. फोन तिच्या कानाला होता, आमास्नी कुणालाच काय ऐकू आलं न्हाय!"

आक्का खुर्चीत बसली. बाजूला लॅपटॉपवर अठरा टक्के झालते, पण कुणी बघंना. तिच्या डोळ्यांतनं पाणी घळाघळा वाहायला लागलं, आणि तसंच हसत तिनं फोन दोन हातांनी धरला. त्या घडीला अख्ख्या जगात ते नाव दोघींनाच ठावं होतं, एक आक्काला आणि एक बारा दिवसांच्या त्या पोरीला.

"मला काय इचारतोस राजू?" ती म्हणाली. "तुझ्या लेकीला इचार की."